न दिसणाऱ्या विमानाचा रंग



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. आधी धानाची मळणी, मग उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू. ऑपरेशन छान झालं, पण एक गंमत झाली. पट्टी सोडली आणि जग एकदम निळं दिसायला लागलं. भिंती निळसर, सौ.चे पांढरे केस निळसर, ताटातला भातसुद्धा निळसर! डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हाच खरा रंग. इतकी वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून बघत होता." एक डोळा मिटला की जुनं जग, दुसरा मिटला की नवं. दोन दिवस हाच खेळ खेळत बसलो होतो.

असं रंगाचं वेड डोक्यात असतानाच २६ जानेवारी आली आणि आमच्या भागातल्या एका शाळेनं चित्रकला स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावलं. शाळेचं नाव लिहीत नाही. लिहिण्यासारखं त्यांनी काही वाईट केलेलं नाही, जे केलं ते आम्ही तिघा परीक्षकांनी केलं, आणि त्यातला एक मी. तेच सांगायला आज बसलो आहे.

विषय होता 'आपले सैन्य'. पन्नासेक चित्रं असतील. रणगाडे, बर्फातले जवान, झेंडे, आणि विमानं तर विचारू नका. प्रत्येक विमानाचा एक पंख केशरी, एक हिरवा, मधलं धड पांढरं, पोटाखाली बॉम्ब आणि तोंडातून ज्वाळा. (विमानाच्या तोंडातून ज्वाळा का येतात हे मला आजवर कळलेलं नाही, पण पोरांच्या चित्रात त्या येतातच.) या सगळ्यात एक चित्र अगदी वेगळं. सातवीतल्या एका मुलीचं. अख्ख्या कागदावर निळसर राखाडी आकाश आणि त्यात जवळजवळ त्याच रंगाचं एक विमान. बॉम्ब नाही, बंदूक नाही. अंगावर लहानसं गोल चिन्ह, अगदी टिकलीएवढं. कागद हातभर लांब धरला तर विमान दिसेनासंच व्हायचं.

एक परीक्षक हसले. "यात विमान कुठं आहे? पावसाळी ढगच दिसतोय." दुसरे म्हणाले, "रंग संपले असतील बिचारीचे." मुलीला बोलावलं. ती घाबरत घाबरत म्हणाली, "सर, ते फोटो काढाचं विमान हाय. त्याले लपून जावं लागते."

मी चमकलो. सातवीतल्या पोरीला हे माहीत! कुठल्याशा पुस्तकात तिनं पाहिलं होतं. मी दोघांना सांगायचा प्रयत्न केला की अहो, ही बरोबर आहे. पण "चित्रात देशभक्ती दिसत नाही" असं वाक्य एकदा टेबलावर पडलं की पुढे बोलणं अवघड होतं. मुख्य पाहुणे येऊन बसले होते, चहा थंड होत होता. मी मान हलवली. पहिलं बक्षीस ज्वाळावाल्या विमानाला गेलं. त्या पोरीला उत्तेजनार्थसुद्धा नाही.

घरी येताना मनात एकच होतं. हे चित्र माझ्या धाकट्या मामांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते?

आमचे धाकटे मामा एअरफोर्समध्ये एअरमन होते. नातेवाईक वाचकांना आठवत असतील, बाकीच्यांसाठी सांगतो. ते विमान उडवणाऱ्यांतले नव्हते. विमानाचा सांगाडा, पत्रा, रिबिटं, रंग बघणाऱ्यांतले. कुठल्या तळावर आहेत हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. पत्रावर फक्त नंबर, नाव आणि '५६ एपीओ'. आजी म्हणायची, "हे एपीओ गाव कुठं आलं रे?"

१९६६ च्या उन्हाळ्यात ते सुट्टीवर आले. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात. घरात मावशीचं लग्न निघालेलं. आजी म्हणाली, "तू सरकारी विमानं रंगवतेस, आपली खिडकी रंगव." मामा तुमसरला गेले, दुकानातून स्वतःच्या पैशानं पांढरा, निळा आणि थोडा काळा रंग घेऊन आले. परसातल्या फणसाखाली बसून मिसळत राहिले. थेंब थेंब काळा टाकायचे, काडीनं पत्र्यावर लावायचे, उन्हात धरायचे, पुन्हा मिसळायचे. शेवटी जो रंग झाला तो पाहून सगळं वऱ्हाड हसलं. लग्नघरात कुणी असा रंग लावतं का? धड निळा नाही, धड राखाडी नाही. धुळीत पडलेल्या आभाळासारखा. आजी तर रुसलीच. मामा एवढंच म्हणाले, "आई, हा रंग दिसू नये म्हणूनच असतो."

त्या वेळी मला तो विनोद वाटला. नोकरीला लागल्यावर, वाचनालयातून महायुद्धाची पुस्तकं आणायला लागलो तेव्हा त्या वाक्याचा अर्थ हळूहळू उलगडला.

पाहणी करणारं विमान आणि लढाऊ विमान यांचं काम उलटं असतं. लढाऊ विमान भांडायला जातं. पाहणीचं विमान शत्रूच्या डोक्यावर जाऊन फोटो काढतं आणि परत येतं. परत आलं नाही तर सगळंच फुकट, कारण फोटो त्याच्याच पोटात! दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ च्या ऑगस्टमध्ये, इंग्रजांच्या विमानदलातल्या लाँगबॉटम नावाच्या एका तरुण अधिकाऱ्यानं लेखी सुचवलं की या कामाला बंदुका लावलेलं जड विमान नको. बंदुका काढा, जागा पेट्रोलला द्या, उंच उडा, वेगानं उडा आणि दिसू नका. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला तो स्वतःच बंदुका काढलेलं स्पिटफायर घेऊन फ्रान्समधून जर्मनीच्या सरहद्दीकडे फोटो काढायला गेला. म्हणजे बघा, ज्या स्पिटफायरच्या बंदुकांचं एवढं कौतुक, त्याच्या या भावंडाकडे स्वतःचा बचाव म्हणून तीनच गोष्टी होत्या. उंची, वेग आणि रंग.

या रंगाच्या गोष्टीत आपलाही एक धागा आहे. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वल्ली त्या काळी इंग्रजांसाठी हे काम उभं करत होता. व्यापाऱ्याचं सोंग घेऊन, खासगी विमानात कॅमेरे लपवून जर्मनीवर फिरून आलेला माणूस. त्याच्याबद्दल असा किस्सा सांगतात, की लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावर तो उभा असताना जोधपूरच्या महाराजांचं खासगी विमान उडालं आणि पाहता पाहता आभाळात विरघळून गेलं. महाराजांनी ते बदकाच्या अंड्याच्या फिकट हिरवट रंगात रंगवून घेतलं होतं. हौस म्हणून! कॉटननं तोच रंग उचलला, त्याला 'कॅमोटिंट' असं नाव दिलं आणि आपल्या विमानांना लावला. राजाची हौस ती दुसऱ्याची ढाल झाली.

पण फिकट हिरवा काही शेवटचा ठरला नाही. विमानं आणखी उंच, तीस हजार फुटांवर जायला लागली. तिथलं वरचं आकाश आपण जमिनीवरून पाहतो त्याहून बरंच गडद असतं. हवा विरळ, त्यामुळे उजेड पसरतो कमी. तिथं फिकट विमान उलट चमकून दिसतं. मग आला तो निळसर राखाडी रंग, पाहणी दलाचा म्हणूनच ओळखला जाणारा. वरून खालून सगळीकडे तोच एक. शत्रू वर असो की खाली, त्याला आभाळाचाच तुकडा दिसावा.

आणि ढगाखालून, भल्या पहाटे किंवा संध्याकाळी जी विमानं जायची त्यांचा रंग कोणता असेल? गुलाबी! हो, चक्क फिकट गुलाबी. हे मी एकदा आठवीच्या वर्गात सांगितलं तर सगळी पोरं आडवी होऊन हसली. मग त्यांना संध्याकाळी शाळेमागं नेऊन ढगाच्या पोटाचा रंग दाखवला तेव्हा गप्प झाली. गुलाबी विमानात बसून शत्रूच्या तोफांवर जाणाऱ्याला किती छाती लागत असेल, हे त्या ज्वाळावाल्या चित्रातून कधीच कळणार नाही.

आपल्या भागातल्या माणसाला खरं तर हे सांगावं लागू नये. चांदपूरच्या तलावावर जाळं टाकणाऱ्या कुठल्याही ढिवराला विचारा. रोहू घ्या, कतला घ्या, पाठ काळपट आणि पोट पांढरं. वरून पाहणाऱ्या बगळ्याला पाण्याचा काळोख दिसतो, खालून पाहणाऱ्या मोठ्या माशाला वरचा उजेड. टिटवीचं अंडं कापणी झालेल्या बांधीत पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. देवानं म्हणा की निसर्गानं म्हणा, ज्याच्याकडे दात-नखं नाहीत त्याला रंग दिला आहे. त्या माशाला किंवा टिटवीला कुणी भित्री म्हणत नाही.

आता चिन्हांकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथं आहे.

आमच्यापासून फार लांब नाही, गोंदियाजवळ बिरसीला, १९४० साली इंग्रजांनी धावपट्टी बांधली. युद्धासाठीच. आज तिथं वैमानिक तयार करणारी संस्था आहे, प्रवासी विमानंही ये-जा करतात. पण ती धावपट्टी मनात आणली की युद्ध किती जवळ येऊन ठेपलं होतं ते समजतं. १९४२ मध्ये जपान ब्रह्मदेश जिंकून आपल्या पूर्वेच्या दारात उभा होता. जपानी विमानांवर खूण कोणती? लाल गोळा, उगवत्या सूर्याचा. आणि इंग्रजांच्या विमानांवर? निळं कडं, आत पांढरं, आणि मधोमध लाल गोळा! १९३२ ला स्थापन झालेल्या आपल्या हिंदी विमानदलावरही राज्यकर्त्यांचीच खूण. जंगलावरून सुसाट जाणाऱ्या विमानाकडे पाहणाऱ्या तोफवाल्याच्या हातात क्षण-दोन क्षण असतात. त्याला लाल ठिपका दिसला की तो घोडा ओढणार. आपलं की परकं हे कळेपर्यंत आपला माणूस मेलेला.

मग या आघाडीवर एक निर्णय झाला. लाल काढून टाका. पांढराही फार चमकतो, तोही नको. राहिलं काय, तर गडद निळं कडं आणि आत फिकट निळा ठिपका. अमेरिकेनंही १९४२ च्या मे महिन्यात आपल्या ताऱ्यातला लाल गोळा काढला, त्याच कारणानं.

मंडळी, जरा थांबून विचार करा. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणायचे, त्यानं स्वतःच्या निशाणातला लाल रंग खरवडून काढला. बायबल आणि झेंड्यावर शपथ घेणाऱ्या त्या लोकांत कुणी उठून म्हणालं नाही की चिन्हात देशभक्ती दिसत नाही! चिन्ह कशासाठी असतं हे त्यांना समजलं होतं. चिन्ह आपल्या माणसाला आपला माणूस ओळखू यावा म्हणून असतं. त्यानंच जर माणूस मरत असेल, तर चिन्ह बदलायचं.

हेच निळं चिन्ह अंगावर घेऊन आपली पोरं उडाली. हिंदी विमानदलाची सहावी स्क्वाड्रन १९४३ च्या अखेरीस अराकानच्या आघाडीवर होती, प्रमुख होते मेहेरसिंग. हरिकेन विमानं, वरून हिरवा-तपकिरी रंग, कारण यांचं काम झाडांच्या शेंड्यांवरून, खालून उडत पाहणी करण्याचं. वर आभाळ नव्हे, खाली जंगल हीच यांची पार्श्वभूमी. जोडीनं जायचे. एकानं खाली बघायचं आणि फोटो घ्यायचे, दुसऱ्यानं त्याची पाठ राखायची. चौदाव्या सैन्याचे डोळे म्हणून ही स्क्वाड्रन ओळखली गेली. मेहेरसिंगांना डीएसओ मिळाला. त्या युद्धात आपल्या विमानदलात तो मान मिळालेले ते एकटेच. दुसरीकडे कलकत्त्याच्या डमडमवरून ६८१ आणि ६८४ नंबरच्या इंग्रज स्क्वाड्रन निळसर राखाडी स्पिटफायर आणि मॉस्किटो घेऊन ब्रह्मदेशावर उंचावरून फोटो काढत होत्या. काम एकच, उंची वेगळी, म्हणून रंग वेगळा. आपली मोहीम कुठल्या नदीवरून, कुठल्या पुलावरून जायची ते या फोटोंवरून ठरायचं.

स्वातंत्र्यानंतर थोडा काळ आपल्या विमानांवर अशोकचक्र होतं. १९५० पासून आजचं चिन्ह आलं, बाहेर केशरी कडं, मग पांढरं, मध्ये हिरवं. शिक्षकांनो, कृपा करून नोंद घ्या, बाहेर केशरी आणि आत हिरवा. शाळांच्या तक्त्यांवर मी ते उलटं काढलेलं दहादा पाहिलं आहे.

आणि आपलं पाहणीचं काम तर पुढंच वाढलं. १९५७ ला कॅनबेरा विमानं आली, त्यातली काही खास फोटोसाठी. १० एप्रिल १९५९ ला असंच एक कॅनबेरा रावळपिंडीच्या बाजूला पाकिस्तानी सेबर विमानांनी पाडलं. सेनगुप्ता आणि रामपाल हे दोघं अधिकारी उडी टाकून वाचले. १९६२ च्या आधी तिबेट आणि अक्साई चीनवर जाऊन चिनी जमवाजमवीचे फोटो आणणारे जगमोहन नाथ यांना महावीरचक्र मिळालं. १९६५ मध्ये पाकिस्तानवर केलेल्या उड्डाणांसाठी पुन्हा एकदा. दोनदा महावीरचक्र मिळवणारे ते पहिले. दोन वेळा! आणि त्यांच्या हातात बॉम्ब टाकायची कळ नव्हती, कॅमेऱ्याची होती. शाळेतल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे? शिक्षकांना तरी? मी स्वतः चाळीस वर्षं मराठी-इतिहास शिकवला, पण हे नाव निवृत्तीनंतर वाचलं. लाज वाटते सांगायला.

पुढं १९८१ पासून मिग-२५ आली, बरेलीला, आवाजाच्या तिपटीच्या आसपास वेगानं उडणारी. ती २००६ ला निवृत्त झाली आणि कॅनबेरा २००७ च्या मे महिन्यात. पन्नास वर्षं एकच विमान! आमच्या भंडाऱ्याच्या एस.टी.नं सुद्धा इतकी सेवा केली नसेल.

मामांकडे परत येतो. ते ज्या सुट्टीवर आले होते ती १९६५ च्या युद्धानंतरची पहिलीच सुट्टी. त्या युद्धाच्या सुरुवातीला आपली बरीचशी विमानं चंदेरी होती, उघड्या पत्र्याची. शांततेच्या काळात चंदेरी विमान फार देखणं दिसतं. ६ सप्टेंबरला पठाणकोटच्या तळावर हल्ला झाला आणि जमिनीवर उभी असलेली आपली विमानं जळाली. चकाकणारा पत्रा वरून मैलभरावरून दिसतो. मग धावपळ. मामांनी आयुष्यात एकदाच, म्हातारपणी, मला सांगितलं, "रात्री कंदिलाला कापड बांधून, हाताला येईल त्या ब्रशानं आम्ही रंग लावला. काही ठिकाणी तर चिंध्यांनी. सकाळी पाहिलं तर शेणानं सारवल्यासारखं दिसत होतं. पण त्या दिवशी त्याच्याइतकं सुंदर काही मी पाहिलेलं नाही." मी विचारलं, कुठं? ते हसले आणि तंबाखू मळायला लागले.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, एका शाळेच्या स्पर्धेवरून एवढं पुराण कशाला? पोरांनी काढली रंगीत विमानं, काय बिघडलं? परीक्षकांमधले चित्रकलेचे सर नंतर भेटले तेव्हा हेच म्हणाले. "सर, चित्र म्हणजे भावना. फोटो थोडाच आहे?" त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पाच वर्षांच्या पोरानं जांभळा हत्ती काढला तर मी टाळ्याच वाजवीन. ज्वाळावाल्या पोराचं बक्षीसही काढून घ्या असं मी म्हणत नाही, त्याचा हात चांगला आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. खरा रंग काढणाऱ्या मुलीला आपण सांगितलं की तुझ्यात देशभक्ती कमी आहे. पुढच्या वर्षी ती काय करेल? केशरी पंख काढेल. हुशार आहे, शिकेल. आणि आपण तिला एक खोटी गोष्ट शिकवलेली असेल, ती म्हणजे देशासाठी काम करणारा माणूस दुरून दिसलाच पाहिजे.

दिसण्याचंही काम असतं, नाही असं नाही. विमानदलाचं 'सूर्यकिरण' पथक लाल-पांढऱ्या विमानांनी कसरती करतं, कारण त्यांना लोकांनी पाहायचं असतं. बिरसीची शिकाऊ विमानं पांढरीशुभ्र, कारण दुसऱ्याला ती दिसली तर टक्कर टळते. आजची आपली लढाऊ विमानं मात्र बहुतेक राखाडीच. ज्याचं जे काम, त्याला तो रंग. इतकी साधी गोष्ट आहे. ती सातवीतल्या मुलीला समजली आणि आम्हा तीन पदवीधरांना नाही.

हीच गोष्ट चौकातल्या विमानांची. सेवेतून निघालेलं विमान एखाद्या शहराला मिळतं, चौथऱ्यावर चढतं. पहिली दोन वर्षं ठीक असतं. मग उन्हानं रंग उडतो आणि कुणाच्या तरी मनात येतं की २६ जानेवारीच्या आत 'छान' करून टाकू. चकचकीत ऑइलपेंट येतो, दाराच्या ग्रिलला लावतात तोच. मी एका शहरात असं एक विमान पाहिलं. गोल चिन्हात केशरी-हिरव्याची अदलाबदल झालेली, नंबर पुसलेला, आणि पोटावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक टांगलेला. विमानाचा नंबर पुसणं म्हणजे काय असतं? तो नंबर असला तर ते कुठल्या स्क्वाड्रनमध्ये होतं, कुणी उडवलं, कुठं गेलं, हे पुढं कुणालाही शोधता येतं. तो पुसला की उरतो पत्रा. गढीवरचा शिलालेख चुन्यानं लिंपून टाकणारे लोक आपण, त्यामुळे फार आश्चर्य वाटलं नाही. पण वाईट वाटलं.

खर्च काही लागत नाही हो. रंगवायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, नंबर लिहून घ्या, जुन्या रंगाचा टवका कागदात बांधून ठेवा. चकचकीत नको, निस्तेज रंग मागा. खाली लहानशी पाटी लावा, हे विमान काय काम करत होतं याची. नगरपालिकेतला पेंटर हे सगळं करू शकतो, त्याला कुणी सांगितलं तर. शाळांच्या स्पर्धेतही प्रत्येक मुलाला चित्रामागं दोन ओळी लिहायला लावा, हा रंग का. मग परीक्षकांना चहा थंड होण्याच्या भीतीनं मान हलवावी लागणार नाही. हे मी इतर कुणाला नाही, स्वतःलाच सांगतो आहे. त्या दिवशी माझ्याकडे सगळं सांगण्यासारखं होतं आणि मी गप्प बसलो.

गेल्या रविवारी मी त्या मुलीच्या घरी गेलो होतो. तिची आई दारातच गडबडली, तिला वाटलं पोरीनं काही केलं. "सर, बसा ना जी. काही चुकलं का तिचं?" म्हटलं, चुकलं आमचं. मग तिच्या चित्रामागं पेन्सिलीनं माझा शेरा लिहिला, तारीख घातली, सही केली. चित्रासाठी फुलस्केप कागदांचा एक गठ्ठा आणि रंगपेटी नेली होती. बक्षीस नव्हे हे, आधीच सांगितलं. चित्रातला रंग जवळून पाहिला. नव्या डोळ्यानं एक, जुन्या डोळ्यानं एक. जवळपास मामांच्या खिडकीचाच. थोडा काळा कमी.

ती खिडकी अजून आहे, परसाकडच्या भिंतीला. बाकी घराला दोनदा रंग झाला, तिला मी हात लावू दिला नाही. यंदा मुलगा पुन्हा पेंटर बोलावतो आहे. खिडकीचं पुन्हा एकदा बजावून ठेवलं आहे.

नातेवाईकांना एक विनंती. मामांचा गणवेशातला एकही फोटो माझ्याकडे नाही. मावशीच्या लग्नाच्या ग्रुपफोटोत ते मागच्या रांगेत उभे होते असं आठवतं, अर्धे खांबाआड. कुणाच्या ट्रंकेत तो फोटो असेल तर मोबाइलवर काढून पाठवा. फोटोच्या मागं काही लिहिलेलं असेल तर त्या बाजूचाही पाठवा.